पावसाळ्यातली कुरतड आणि नको झालेली पिल्ले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै-ऑगस्टच्या सुमारास सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो : ‘पाच महिन्यांचे लॅब्रेडॉर, लसी पूर्ण, अपरिहार्य कारणास्तव चांगल्या घरी द्यायचे आहे.’ पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवत असल्यामुळे या मंडळींशी माझी गाठ पडते आणि खोलात विचारपूस केली, की ते अपरिहार्य कारण बहुतेक वेळा एकच निघते. पिल्लाने सोफ्याच्या कडा, चपला, चार्जर आणि दिवाणाचे पाय कुरतडून ठेवलेले असतात आणि घरातल्यांचा धीर सुटलेला असतो.

हे नेमके पावसाळ्यातच का घडते, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. मुलांच्या हट्टापायी उन्हाळी सुट्टीत आणलेले दीड-दोन महिन्यांचे पिल्लू जुलैच्या आसपास चार महिन्यांचे होते आणि त्याचे दुधाचे दात पडू लागतात. तेवढ्यात शाळा सुरू झालेल्या असतात, दिवसभर त्याच्याशी खेळणारी मुले घरात नसतात आणि पावसामुळे बाहेरचे फिरणेही आखडते. दात शिवशिवत आहेत, अंगात रग आहे आणि करायला काही नाही, अशा अवस्थेतले पिल्लू जे तोंडाशी येईल ते चावणारच.

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे 28 दात असतात आणि त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. ही अदलाबदल साधारण चौथ्या महिन्यात पुढच्या दातांपासून सुरू होते आणि सहाव्या-सातव्या महिन्यात पुरी होते. या काळात पिल्लाचा ओठ हलकेच वर करून पाहिला, तर लालसर सुजलेली हिरडी, तिच्यातून डोकावणारी नव्या दाताची पांढरी कड आणि शेजारी सैल झालेला, तांदळाच्या दाण्याएवढा दुधाचा दात असे दृश्य दिसते. दोरीच्या खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही; पडलेले दात पिल्ले बहुधा गिळून टाकतात, त्यानेही काही बिघडत नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत मात्र दुधाचा सुळा न पडता नवा सुळा त्याच्या शेजारीच उगवतो. तसे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे, कारण तो काढून टाकावा लागतो. दात आल्यावर कुरतडणे एका दिवसात थांबते, असे मी सांगणार नाही. मोठ्या जातींत ते वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत कमी-जास्त चालू राहते, पण हिरड्यांची ठणक गेल्यावर त्याला वळण लावणे पुष्कळ सोपे जाते.

चावण्याची गरज थांबवता येत नाही, तिला जागा करून द्यावी लागते. सुती फडके भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि आपल्या देखत चघळायला द्यावे. गार जाडसर गाजरही चालते. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून तो गोठवला, तर पिल्लू बराच वेळ त्यात रमते. जुनी चप्पल ‘त्याची’ म्हणून देणे मात्र हमखास अंगाशी येते, कारण जुनी चप्पल आणि कालच आणलेली कोल्हापुरी यांतला फरक त्याला कळण्याचे काही कारण नाही. खेळण्याच्या कठीणपणाची परीक्षा आपल्या नखाने करावी : नख दाबून खळगा पडत नसेल, तर त्या वस्तूने दात तुटू शकतो. शिजवलेली हाडे तर नकोच. कोंबडीच्या हाडाच्या फाटून अणकुचीदार कपच्या होतात आणि मटणाची नळी खालच्या सुळ्यांमागे जबड्यात कड्यासारखी अडकते, ती दवाखान्यात कापून काढावी लागते.

चपलेपेक्षा मला काळजी वाटते ती गिळल्या जाणाऱ्या वस्तूंची. मोजे, मक्याच्या कणसाचा बुरकुंडा आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये घरोघरी पडलेली आंब्याची कोय या वस्तू आतड्यात अडकतात. पिल्लू वारंवार ओकते आहे आणि खात नाही, असे दिसले तर एक दिवस वाट पाहू, असे म्हणू नये. ओकारी काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे जिवावर बेतू शकते. शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये. आत आतडे कापले जाण्याचा धोका असतो. विजेच्या वायरी, डांबराच्या गोळ्या, उंदराचे औषध आणि कुंडीतली कण्हेर पिल्लाच्या आवाक्याबाहेर हवीत. त्याच्यावर लक्ष ठेवता येत नसेल, तेव्हा त्याला मोकळ्या घरात न सोडता जाळीचे कुंपण केलेल्या, आवरलेल्या कोपऱ्यात खेळण्यांसह ठेवणे बरे.

तोंडात नको ती वस्तू दिसली, की घरातले सगळे आरडाओरडा करत मागे धावतात आणि पिल्लाला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. त्याऐवजी खाऊचा तुकडा पुढे करून अदलाबदल करावी. वस्तू सोडण्यात फायदा आहे हे त्याला लवकर उमगते. तासाभराने फाटकी उशी नाकाशी धरून फटके देण्याचा तर काहीच उपयोग नाही. ‘चूक कळते त्याला, तोंड बघा कसे केले आहे’, हे वाक्य मी नेहमी ऐकतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खरोखर काही केले आहे की नाही यावर नव्हे, तर मालक रागावतो आहे की नाही यावर अवलंबून असतो. वस्तूंना तिखट चोपडण्याचा उपायही सोडून द्यावा. त्याने डोळे आणि हिरड्या होरपळतात. पिल्लाला दिवसभर गॅलरीत साखळीने बांधले, तर ते साखळीच चावते, भुंकते आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात.

या प्रश्नाचे एक मूळ विक्रीच्या वयात आहे. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू आईजवळ आणि भावंडांशी झोंबताना शिकते, आणि आपल्याकडे सर्रास ‘पस्तीस दिवसांचे’ पिल्लू विकले जाते. इटलीतील संशोधकांनी 2011 मध्ये ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात मांडलेल्या तुलनेत, 30 ते 40 दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांमध्ये नासधूस, भित्रेपणा आणि अति भुंकणे यांच्या तक्रारी दोन महिन्यांनी वेगळ्या केलेल्या कुत्र्यांपेक्षा अधिक आढळल्या. भारतातही 2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नियम आहे, पण तो विचारतो कोण? प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा रीतीने सोडून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्यात कुरतडलेल्या चपलेचा अंगठाही शिवून मिळत नाही.

म्हणून माझी विनंती आपल्यालाच आहे. पिल्लांच्या विक्रीची छोटी जाहिरात स्वीकारताना पैदासकाराचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख छापण्याची अट वृत्तपत्रांनी घालावी, आणि ती पुढच्या उन्हाळी सुट्टीच्या आधी लागू व्हावी.

आपला,
एक पशुवैद्यक, पुणे