पिल्लू कायमचं नको, महिनाभर तरी ठेवा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सध्या भटक्या कुत्र्यांवर पत्रांवर पत्रं येतायत आणि बहुतेकांचा शेवट एकच, की शेल्टर बांधा आणि सगळी कुत्री उचलून तिकडे न्या. बांधू देत ना, कोण नको म्हणतंय. पण सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायचा आधीचा आदेश बदलून काय सांगितलं ते पण कोणीतरी लिहा की, नसबंदी करून लस टोचून कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा, रेबीजवाला किंवा अंगावर धावून येणारा असेल तर गोष्ट वेगळी. नंतर नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री मात्र परत सोडू नका असं आलं. म्हणजे आपल्या गावातली बरीचशी कुत्री गावातच राहणार आहेत.

आणि लहान पिल्लांसाठी तर शेल्टर ही सगळ्यात वाईट जागा. ज्यांनी पिल्लांचा पार्व्हो रोग बघितलाय त्यांना सांगायला नको, सकाळी उड्या मारणारं पिल्लू संध्याकाळी कोपऱ्यात पडलेलं, उलट्या आणि रक्ताचे जुलाब, आणि तो वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. हा व्हायरस जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीचसारखं काहीतरी लागतं. वेगवेगळ्या गावांतून उचललेली बिनलसीची पिल्लं एका शेडमध्ये ठेवली की एकाला झालं ते सगळ्यांना. त्यापेक्षा दोन-तीन पिल्लं एका घरी, दोन-तीन दुसऱ्या घरी असं तात्पुरतं ठेवलं, वेळेवर लस झाली तर ती जगतात, माणसाळतात आणि मग त्यांना कायमचं घर मिळणं पण सोपं जातं. ह्यालाच फॉस्टर म्हणतात. आम्ही घरी हेच करतो.

लोकांची भीती मला माहिती आहे. आमच्या शेजारच्या काकी पहिल्यापासून सांगतायत, "गो बाय, ता आता तुझ्याच गळ्यात पडला, नेतलो कोण?" भीती अगदीच खोटी नाही. कुत्री (म्हणजे मादी) असेल तर कोणी पटकन नेत नाही, सगळ्यांना कुत्रो हवा, आणि त्यातही लॅब्रॅडोर मिळाला तर बरा. मासळीच्या लिलावाजवळ नाहीतर देवळामागे गोणत्यात भरून जी सोडतात त्यात माद्याच जास्त बघितल्यात मी. सहा-सात महिन्यांत ती माजावर येते आणि पुढे दोन महिन्यांत परत गोणता भरतो. म्हणून ज्याला पिल्लू द्याल त्याच्याकडून नसबंदीचं आधीच कबूल करून घ्या. आणि पिल्लू सांभाळायला घेताना देणाऱ्याला स्पष्ट विचारा, किती दिवस, खर्च कोणाचा, डॉक्टर कोणते, नाही कोणी नेलं तर परत कोण घेणार. हे विचारायला लाजू नका, "बघू नंतर" म्हणणारे नंतर फोन उचलत नाहीत.

काम कसलं असतं ते पण सांगते, कारण लोकांना वाटतं बिस्किटं टाकली की झालं. डोळे न उघडलेलं पिल्लू पावसात भिजून आलं तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि जीवावर बेततं. गरम पाण्याची बाटली जुन्या साडीत गुंडाळून शेजारी ठेवायची. गायीच्या दुधाने बऱ्याचदा जुलाब लागतात, कुत्र्याच्या पिल्लांची पावडर मिळते ती मागवून ठेवावी. पाजताना बाळासारखं उताणं धरायचं नाही, पोटावर ठेवूनच पाजायचं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की ओल्या कापसाने खालून हलकं पुसायचं, त्याशिवाय एवढ्याशा पिल्लाला शू-शी होत नाही, एरवी हे काम आई चाटून करते. खाली अंथरायला तुमचा पेपर एकदम बेस्ट, रविवारची पुरवणी तर फारच, राग मानू नका.

पावसाळ्यानंतर गोचिडी. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, डाळिंबाच्या दाण्यासारख्या टम्म फुगलेल्या. चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. रॉकेल नको, काडी लावणं नको, आणि कृपा करून गोठ्यातलं गुरांचं गोचिडीचं औषध पिल्लावर ओतू नका, त्याने पिल्लं मरतात. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर सरळ डॉक्टर गाठा.

घरात पोरं असतील तर रेबीजचं गंभीरपणे घ्या. लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो, दात लागला किंवा नख लागून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे लस फुकट मिळते. हळद, चुना काही लावत बसायचं नाही. जे नेहमी हे काम करतात त्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी. घरी आधीचा कुत्रा असेल तर त्याच्या लसी पूर्ण आहेत ना बघा आणि नव्याला दोनेक आठवडे वेगळं ठेवा. आणि आपल्याकडे रात्री पिल्लू अंगणात बांधायचं नाही, बिबट्या कुंपण वगैरे बघत नाही.

आता चाकरमान्यांबद्दल थोडं, रागावले तरी चालेल. मे महिन्यात आणि गणपतीला घरं उघडतात, पोरं एखादं पिल्लू उचलून आणतात, नाव ठेवतात, कोंबडीवडे भरवतात, रील काढतात. आणि परतीची गाडी पकडायच्या दिवशी दाराला कुलूप आणि ते पिल्लू खळ्यात (अंगणात) बसून राहतं. तोपर्यंत त्याला उकिरड्यावर जाऊन खायची सवयही राहिलेली नसते. मग शेजाऱ्यांनी बघायचं. पोरांना हौस आहे ना, मग आल्या आल्या लस करा, जाताना कोणाच्या तरी घरी नीट सोपवा आणि त्याच्या तांदळाचे पैसे देऊन जा. ज्यांची घरं वर्षभर बंद असतात त्यांनी नुसता मांगर (घराजवळची शेड) वापरायला दिला तरी नसबंदी झालेल्या कुत्रीला टाके सुकेपर्यंत कोरडी जागा मिळेल, पावसात तीच मिळत नाही.

केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे, ती त्यांनी करायलाच हवी आणि आम्ही तालुक्याला अर्ज करत राहणारच. पण ज्यांच्याकडे पडवी रिकामी आहे, घरात कोणीतरी दिवसभर असतं, त्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आपलं नाव आणि फोन देऊन ठेवावा. आणि तुम्हाला एक विनंती, "गोंडस पिल्लं देणे आहे" असा फोटो छापायला आला की पहिली लस झाली का, आई कुठे आहे आणि तिची नसबंदी कोण करतंय, एवढं विचारूनच छापा.

आपली एक वाचक,
ता. वेंगुर्ले