कुंपणावरची डोडी मुळापासून काढू नका

महोदय,

पावसाळा आला की बडोद्याच्या आसपास कुंपणं साफ करायला माणसं लागतात आणि तणाबरोबर डोडीचा वेलही उपटून टाकतात. थोराचं (चिकाच्या काटेरी निवडुंगाचं) कुंपण जाऊन तारा आल्या, तिथे तर तो आधीच गेला. चरकसंहितेत शाकांमध्ये श्रेष्ठ म्हटलेली जीवंती ती हीच, असं गुजरातेत मानतात. केरळात त्या नावाने दुसराच वेल चालतो.

डोडीच्या पानांची भाजी इथे घरोघरी ठाऊक आहे. फुलांची त्याहून चवदार होते. जून खोड बुचासारखं भेगाळलेलं, पानं समोरासमोर व लांबट, पानाच्या बेचक्यात हिरवट-पिवळ्या इवल्या फुलांचे घोस, शेंग गुळगुळीत आणि चोचदार. घोटाळा होतो तो उतरणीच्या वेलाशी. तिचं पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, चुरगळलं तर घाण वास येतो, फळावर मऊ काटे असतात. ती खायची नाही.

घोस सकाळी, कळ्या मिटलेल्या असतानाच खुडावेत. वेल थोरावर चढलेला असेल तर जपून, थोराचा चीक डोळ्यात गेला की आग होते. चीक लागलेले घोस सरळ टाकून द्यावेत. जाड देठ काढून कळ्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की मुंग्या-मावा वर येतो. मग निथळून पूर्ण कोरड्या कराव्यात, ओल्या राहिल्या तर बेसनाच्या गाठी होतात. दोन वाट्या कळ्यांना दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, चार लसूणपाकळ्या, एक कांदा. कळ्या पाच-सात मिनिटं झाकण न ठेवता परतून दोन मोठे चमचे भाजलेलं बेसन भुरभुरावं. मीठ शेवटी, कारण भाजी आळून निम्मी होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. झाकण ठेवलंत तर लगदा झालाच म्हणून समजा.

सगळे घोस मात्र खुडू नयेत, शेंगा धरायला काही हवेतच. पानांवर पट्टेरी अळ्या दिसल्या तर औषध मारू नये. त्या फुलपाखराच्या असतात, आणि फवारलेल्या वेलाची फुलं खाण्याजोगी राहत नाहीत.

कुंपण साफ करायचंच असेल तर शेंगा तडकून गेल्यावर, हिवाळ्याअखेर, गुडघ्याएवढं खोड ठेवून वेल छाटावा. छाटलेल्यातली पेन्सिलीएवढी जाड, तीन डोळ्यांची वीतभर कांडी दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत लावली तर शेजाऱ्यालाही वेल देता येईल. कांडी उलटी लागली तर फुटत नाही, म्हणून खालचं टोक कापतानाच तिरकं कापावं.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे