ऑफिसातलं का सांगत नाही

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आपल्याकडचं कोण येऊन गेलं का ग वकिलांकडे, आणि मी विषय बदलला, त्याचं तुम्हाला वाईट वाटलं असं आई म्हणाली. म्हणून म्हटलं नीट लिहूनच सांगावं. कोण आलं, कोण नाही, हे मी कधीच सांगणार नाही, तुम्हालाही नाही. अशील वकिलाला जे सांगतो ते बाहेर जाऊ द्यायचं नाही असा कायदाच आहे आणि तो वकिलाच्या माझ्यासारख्या क्लार्कलाही लागू आहे, पूर्वी एव्हिडन्स अ‍ॅक्टचं 126 आणि 127 कलम होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात 132 आहे. म्हणजे माझ्या टेबलावरही तेवढीच जबाबदारी आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आई विचारते दिवसभर करतेस काय. सकाळी शिवाजीनगर कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायची, कुठली मॅटर कुठल्या कोर्टात आहे ते काढून सरांच्या फाइली लावून द्यायच्या, मग फोन आणि पक्षकार. संध्याकाळी पुढच्या तारखा डायरीत, आणि त्याच परत ई-कोर्टच्या वेबसाइटवर केसचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून 16) टाकून ताडून बघायच्या. साध्या दिवाणी दाव्यात समन्स मिळालं की 30 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्टाने वाढवून दिलं तर 90, त्यामुळे समन्स कधी मिळालं ती तारीख मी फाइलच्या वरच लाल पेनने लिहिते. माणसं येतात तेव्हा घाबरलेली असतात ओ, प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, लाइट बिल, लग्नपत्रिका सगळं एकत्र, आणि हातातून पिशवी सोडायला तयार नसतात. मी आधी पाणी देते, मग ओरिजनल कागद त्यांच्यासमोर मोजून झेरॉक्स काढते आणि ओरिजनल परत देते. आपला कागद परत हातात आला की मगच ती धड बोलायला लागतात.

आणि हे रोज बघून एकच काळजी लागते, आपलं काय. आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव आहे. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खरं तर 3 महिन्यांत कळवायचं असतं, पण उशिरा का होईना, नोंद होते. बाबा, अर्जात दोन्ही आत्यांची नावं पण लिहायची, त्याही तुमच्याइतक्याच वारस आहेत. काका काहीही म्हणू देत, नावं गाळून नोंद करू नका, भांडणं तिथूनच सुरू होतात. त्यांना हिस्सा नको असला तर त्या नंतर स्वतःच्या मर्जीने हक्कसोड रजिस्टर करून देतील.

आई, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि जुने फेरफार ट्रंकेत असतील ते काढून ठेव, मी पुढच्या रविवारी येते, अर्ज मीच लिहीन.

तुमची लेक