परदेशस्थ दत्तक पालकांनी आधी तिथला कायदा पाहावा

संपादक महोदय,
स. न.

पुण्यातल्या एका दत्तक संस्थेत मी बरीच वर्षं सामाजिक कार्यकर्ती होते. निवृत्त झाले तरी डिसेंबरात परदेशातली मुलं-सुना घरी आल्या की मला फोन येतात. ‘तीन आठवड्यांची रजा आहे, तेवढ्यात बाळ मिळेल का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा आजीचाच असतो. तिची तळमळ मला कळते, म्हणूनच हे लिहिते आहे.

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, अनिवासी भारतीयांना देशातल्या पालकांइतकंच प्राधान्य देते. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असला की सगळं सोपं, असा समज झाला आहे. अमेरिकेत नेमकं उलटं घडतं. आंतरदेशीय दत्तकासाठी भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग कराराने बांधलेले आहेत. हे पालक पात्र आहेत आणि मुलाला आमच्या देशात कायमचं राहता येईल, अशी हमी पालक राहतात त्या देशाने द्यावी लागते. अमेरिकेत या मार्गाने अर्ज करायला पती-पत्नींपैकी एक तरी अमेरिकी नागरिक लागतो. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, चालत नाही, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा तर नाहीच. ग्रीन कार्डवाल्यांना वेगळा रस्ता आहे, पण त्यात मुलाचा कायदेशीर ताबा आणि त्याच्याबरोबरचा सहवास दोन वर्षांचा झाल्याशिवाय व्हिसासाठी मूल म्हणून ते धरलं जात नाही. नोकरी तिकडे आणि मूल इकडे असताना हा सहवास घडायचा कसा?

चिंचवडच्या एका बाईंचा मुलगा ४३ वर्षांचा, सून ४१ ची, दोघांकडे ग्रीन कार्ड. हे कळल्यावर त्यांनी नागरिकत्व मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं. पण वय थांबत नाही. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. चार वर्षांपर्यंत ९०, आठपर्यंत १००, त्यापुढच्या मुलांसाठी ११०. आज त्यांची बेरीज ८४ आहे. पाच वर्षांनी ती ९४ होईल आणि तान्ह्या बाळाचा विषयच संपेल. सून मला म्हणाली, ‘मग सहा वर्षांची मुलगी आली तरी चालेल.’ मला फार बरं वाटलं. मोठी मुलं संस्थेत वाट पाहत राहतात आणि आपल्याकडचा जो तो तान्हंच मागतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

वयाची अट मला जाचक वाटत नाही. मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा आई-बाप कितीचे असतील, हा विचार त्यामागे आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. अडचण कळली की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘ओळखीच्या दवाखान्यातून बाळ घेऊ, दत्तकपत्र नोंदवू.’ कृपा करून असं करू नका. अनाथ, टाकून दिलेलं किंवा पालकांनी संस्थेच्या हवाली केलेलं मूल कायदा डावलून दत्तक घेतलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नात्यातलं मूल परदेशी न्यायचं तरी काराचं ना-हरकत पत्र लागतं. शिवाय बाल न्याय कायद्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच. चुलत-मावस भावंडांची मुलं त्यात बसत नाहीत.

काराच्या संकेतस्थळावर परदेशातून नोंदणी करणाऱ्याला पहिल्याच पानावर, मराठीतूनही, विचारलं जावं: तुम्ही कोणत्या देशात आणि कोणत्या व्हिसावर राहता, आणि तो देश या मुलाला प्रवेश देईल का? आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त सामाजिक कार्यकर्ती, पुणे