तबल्याशिवायचा ठेका

केरी, नॉर्थ कॅरोलायना

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, तालवाद्य नाही तर ही ब्लूग्रासवाली मंडळी (ब्लूग्रास म्हणजे इथलं तारवाद्यांवरचं लोकसंगीताच्या वळणाचं संगीत) लय कशावर धरतात? तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी सध्या ज्यांच्या प्रेमात आहे तो ब्लूग्रासचा वाद्यवृंद म्हणजे स्टीप कॅनियन रेंजर्स. २००० साली इथून जवळच, चॅपेल हिलच्या विद्यापीठात ही पोरं एकत्र आली आणि पुढे पश्चिमेकडच्या डोंगरांत, ब्रेव्हार्ड-अ‍ॅशव्हिलकडे रुजली. बँजो, मेंडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार आणि उभा बास, सुरुवातीला एवढाच सरंजाम.

आता लय. बास पहिली आणि तिसरी मात्रा देतो, मेंडोलिन दुसरी आणि चौथी. मेंडोलिनवाला तारांवर आघात करतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडतो. सूर लांबायच्या आत बंद होतो, उरतो नुसता 'चक्'. ह्याला ते चॉप म्हणतात. तू ऐकलास तर तुझ्या तबल्यावरचा बंद बोल म्हणूनच ओळखशील!

बँजो तर तुला वेड लावील. पाच तारांपैकी पाचवी आखूड, तिची खुंटी दांडीच्या कडेला, पाचव्या पडद्यापाशीच. अंगठ्याने ती वाजत राहते आणि सतारीच्या चिकारीसारखा एकच सूर मधूनमधून चमकतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींत नख्या. ह्याच राज्यातल्या शेल्बीजवळचा अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या डिसेंबरात ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मनरोच्या वाद्यवृंदात गेला आणि तीन बोटांची ही चाल सगळ्यांच्या कानी पडली. गंमत बघ: खाली बासचा चारचा हिशेब सरळ चाललेला, आणि वर बोटं आठ ठोके ३-३-२ असे फोडतात. समेवर दोघं बरोब्बर भेटतात. दर वेळी माझ्या तोंडून 'वा' निघतेच.

पण मला ह्यांचं खरं कौतुक वाटतं ते स्वतःची गाणी लिहिण्याचं. परंपरेतली गाणी वाजवणारे पुष्कळ आहेत आणि ती गाणी सुंदरही आहेत. श्रोत्याला चाल आधीच पाठ असते, त्यामुळे वादक थेट नक्षीकाम सुरू करू शकतो. नव्या गाण्यात ती सोय नाही. कडव्यांमध्ये फिडलची पाळी आली की आधी चाल स्वच्छ मांडायची, मग खुलवायची, आणि हे सगळं मिनिटभराच्या आत. ह्यांची बरीच गाणी बँजोवाला ग्रॅहम शार्प लिहितो. 'नोबडी नोज यू' ह्या अल्बमला २०१३ साली ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं. तिथूनच ऐकायला लाग.

त्याच सुमारास त्यांनी तालवाद्य घेतलं. कार्यक्रम आता दणक्यात होतो, तरी मला आधीचं वादनच जास्त भावतं. पाच जण एकमेकांवर विसंबून लय सांभाळायचे. एक सैल पडला तर सगळ्यांना कळायचं.

इथल्या शेजारच्या रॅले शहरात २०१३ पासून ब्लूग्रासचा मोठा मेळा भरायचा, भर रस्त्यावर फुकट ऐकायला मिळायचं. २०२५ पासून तो टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाला गेला. मला फार चुटपूट लागली आहे.

एक काम कर. ३-३-२ च्या वजनावर, जलद लयीत, तुझा ठेका चारपाच मिनिटं रेकॉर्ड करून पाठव. इथे एक बँजो वाजवणारा शेजारी आहे, त्याला त्यावर वाजवायला बसवतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नंदू