गाय वाळवंटात आली कुठून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत मृत समुद्राच्या गुंडाळ्यांवर लेख आला, विषय घेतलात त्याबद्दल थँक्यू, पण त्यात ही सगळी हस्तलिखितं मृत समुद्राकाठच्या कुमरानमधल्या एसेनी या जुन्या ज्यू पंथाच्या साधूंनी लिहिली असं जे ठोकून दिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

१९४७ ते १९५६ मध्ये कुमरानजवळच्या ११ गुहांमधून ९०० च्या वर हस्तलिखितं निघाली, बहुतेकांचे नुसते तुकडेच, हिब्रू, अरामी आणि थोडी ग्रीक. शेजारी जुन्या वस्तीचे अवशेष होते, तिथं द व्हो या फ्रेंच पाद्रीबुवांनी खोदलं तर दौती सापडल्या. प्लिनी या रोमन लेखकाने मृत समुद्राच्या काठी एसेनी राहतात असं लिहून ठेवलंच होतं, मग काय, दोन आणि दोन चार! त्यात तथ्य नाही असं नाही. पंथाचे नियम, कोणाला सभासद करायचं, चुकला तर शिक्षा काय, असलं सगळं लिहिलेली गुंडाळीही तिथंच मिळाली आणि ती एसेनींच्या वर्णनाशी बरीच जुळते. पण शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही ना.

कारण कुमरानची ती वस्ती साधारण इ.स.पू. १०० च्या आसपासची आणि काही हस्तलिखितं इ.स.पू. तिसऱ्या शतकातली, म्हणजे वस्तीच्या आधीची! ती बाहेरूनच आली असणार. शिकागोचे अभ्यासक नॉर्मन गोल्ब तर म्हणायचे की हा सगळा ठेवा जेरुसलेमच्या ग्रंथालयांतला, रोमन सैन्याच्या भीतीने गुहांमध्ये लपवलेला. मला ते टोकाचं वाटतं, पण प्रश्न बरोबर होता.

आणि आता कातडंच बोलायला लागलंय. २०२० मध्ये तुकड्यांचा डीएनए तपासला, बहुतेक मेंढीची कातडी निघाली, पण बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचे जे दोन तुकडे एकाच हस्तलिखिताचे समजत होते त्यातला एक मेंढीचा आणि एक गायीचा निघाला. आता त्या रखरखीत वाळवंटात मेंढ्या जगतील हो, गाय काय खाणार? म्हणजे निदान तो तुकडा तरी दुसरीकडून आलेला, असं संशोधकच म्हणतात.

शिवाय "लिहिली" म्हणजे नेमकं काय? बायबलमधलंच यशयाचं पुस्तक रचणारा वेगळा आणि कित्येक शतकांनी समोर जुनी प्रत ठेवून उतरवून काढणारा वेगळा, लेखात दोघांना एकाच माळेत ओवलंय. यशयाची मोठी गुंडाळी सव्वासात मीटर लांब, मजकुराचे ५४ स्तंभ, अक्षर इतकं सारखं की एका हाताचं की दोघांचं यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी कॉम्प्युटरवर त्यातलं एकेक अलेफ (हिब्रूतलं पहिलं अक्षर), ५००० च्या वर, ताडून पाहिलं तर बरोबर मध्यावर, २७ व्या स्तंभानंतर हात बदललेला दिसला. दुसऱ्याने पहिल्याचं वळण किती निगुतीने उचललं असेल बघा, आणि नाव मात्र दोघांपैकी एकानेही टाकलेलं नाही.

तुमच्या लेखासोबत याच गुंडाळीचा फोटो आहे, खाली छापलंय "एका एसेनी साधूच्या हस्ताक्षरात". एका नाही, दोघांच्या, आणि ते एसेनी होते की नाही ते त्या दोघांनाच ठाऊक. तेवढी ओळ तरी दुरुस्त करा.

आपला,
एक नियमित वाचक