पैज तू जिंकलास

रेडमंड,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

पैज तू जिंकलास. एवढंच लिहून थांबणार होतो, पण मग तुला वाटलं असतं मी रागावलोय. रागावलोच आहे. सिएटलचे मरिनर्स हरले त्या रात्री कुणाकुणाचे मेसेज आले म्हणून सांगू! बेसबॉलची बॅट कुठल्या टोकाला धरतात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांचेही आले. तुझा नाही. "सांगितलं होतं ना" म्हणायचा हक्क तुझा एकट्याचा होता आणि तू गप्प बसलास. तुझा हा सभ्यपणा मला वालचंदच्या होस्टेलपासून सहन होत नाही.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो. घरात गोड बंद आहे, म्हणजे फक्त मला. असो.

"आपल्या पन्नाशीच्या आत मरिनर्स वर्ल्ड सिरीजची फायनल खेळणार नाहीत." हे तू म्हणालास २००४ मध्ये. आपल्या इचिरोने एका सीझनमध्ये २६२ हिट्सचा विक्रम केला आणि टीम तरीही ९९ मॅच हरली, तो सीझन. मला पन्नास पूर्ण होतात येत्या ऑगस्टात. पुढची वर्ल्ड सिरीज त्यानंतर. म्हणजे हिशेब मिटला. सिंहगड चढून तुला पिठलं-भाकरी खाऊ घालायची असं ठरलं होतं. तेव्हा गुडघे वेगळे होते. गाडीने वर आलं तर चालतं का, याबद्दल आपण काही ठरवलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आपल्या जुन्या मेल काढून बसलो होतो. दर मार्चमधल्या, सीझनच्या तोंडावरच्या. माझी पानभर भाकितं आणि खाली तुझं एका शब्दाचं उत्तर: "हरणार." मार्च २००२ मध्ये मी लिहिलंय, ११६ मॅच जिंकलेली टीम घसरून घसरून घसरेल किती? घसरली ९३ वर. त्याच्या पुढच्या वर्षीही बरोबर ९३. आणि ९३ जिंकूनही दोन्ही वेळा प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) नाही! आता यात माझ्या तर्काचं काय चुकलं, तूच सांग. मग २००८. एरिक बेडार्ड आला, फेलिक्स होताच, मी लिहिलं की या दोघा पिचरपुढे कोण उभं राहणार. त्या बेडार्डसाठी आपण ॲडम जोन्सला देऊन बसलो होतो, ते मी कंसात टाकलंय, जसं काही किरकोळ सुटे पैसे. १०१ पराभव. खेळाडूंच्या पगारावर दहा कोटी डॉलरच्या वर उधळून शंभर मॅच हरणारी पहिली टीम आपली. दोन वर्षांनी आणखी एक पिचर, क्लिफ ली, आला, मी पुन्हा पान भरलं, जुलैत लीला देऊन टाकलं आणि सीझनअखेर आकडा पुन्हा तोच, ६१ विजय, १०१ पराभव. २०१५ मध्ये तर टीव्हीवरचे भलेभले जाणकारही माझ्याच सुरात बोलत होते. ७६ विजय.

सगळं ओळीने वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तुला सुनवायचीच आहे. सुध्या, तू कधी भाकीत केलंच नाहीस. २००१ नंतर थेट २०२२ पर्यंत जी टीम प्लेऑफचं तोंड बघत नाही, तिच्याबद्दल "हरणार" म्हणणं म्हणजे सांगलीत मे महिन्यात "आज उकडेल" म्हणण्यासारखं आहे. बरोबर आलं म्हणून कुणी तुला वेधशाळेत नोकरी देणार नाही. मी निदान दरवर्षी कारणं द्यायचो.

आणि जिथे खरंच काही घडलं, तिथे तू नव्हतास! १५ ऑगस्ट २०१२. बुधवार दुपार. तुझं तिकीट माझ्या खिशात, तू मीटिंगमध्ये. फेलिक्सने टँपाचे सत्तावीसच्या सत्तावीस बॅट्समन पहिल्या बेसवर पाय न ठेवता परत पाठवले, बारा जण स्ट्राइकआउट, आपण १-० ने जिंकलो, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझं जॅकेट. ती मीटिंग कशाबद्दल होती हे तुला आज तरी आठवतंय का? तू आजवर दिलेली कारणं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मी सगळी जपून ठेवली आहेत. (तू परत गेल्यावर तिथे भाजलेले नाकतोडे विकायला लागले, कपात घालून. त्यासाठी तरी ये एकदा. तुझा शाकाहार किती पक्का आहे ते बघू.)

मूळ मुद्दा राहतोय. यंदा मार्चमध्ये मी भाकीत पाठवलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? तू विचारलं नाहीस. कंटाळा आला होता. आधीची दोन वर्षं प्लेऑफ एकेका मॅचने हुकलं, २०२४ मध्ये तर जूनमधली दहा मॅचची आघाडी घालवून. म्हटलं, एक वर्ष गप्प बसू. तर यंदा ९० विजय, डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, पहिले, कॅल रॅलीचे ६० होम रन. कॅचर आहे रे तो! शंभरावर मॅच उकिडवा बसणाऱ्या माणसाने साठ मारले. (त्यावर सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी किताब मात्र यँकीजच्या जजला. बोलत नाही.) सप्टेंबरमध्ये इथल्या एका चाहत्याने ऑनलाइन कुणा चेटकिणीला पैसे देऊन टीमसाठी मंत्र घालून घेतला, आणि त्यानंतर टीम जिंकतच सुटली. आपली लिंबू-मिरची उगाच बदनाम आहे. हिचं मत वेगळं. ती म्हणते, "तुम्ही गप्प बसलात म्हणून जिंकले."

प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या पाचव्या, निर्णायक मॅचला मी आणि लेक ओवी होतो. पंधरा इनिंग, जवळजवळ पाच तास. पोलॅन्कोच्या हिटवर जिंकणारा रन आला तेव्हा मागचे एक आजोबा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते आणि मी त्यांना मराठीत समजावत होतो.

आणि मग २० ऑक्टोबर. टोरांटोशी ३-३, सातवी मॅच, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजमध्ये, आणि इथल्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजन. मॅच पाचला सुरू, पूजेचा मुहूर्त सूर्यास्तानंतर. टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, या अटीवर परवानगी मिळाली. आरतीच्या मध्येच रॅलीचा चेंडू स्टँडमध्ये गेला, आपण ३-१ ने पुढे. ओवीच्या हातातलं तबक कलंडलं, कापूर गालिच्यावर. विझवला, थोडं जळलं. ही काही बोलली नाही, म्हणजे तीसुद्धा बघत होती. सातवी इनिंग, टोरांटोचे दोघे बेसवर, एक आउट. मॅनेजर डॅन विल्सनने पिचर ब्रायन वूला काढलं आणि आत आणलं बझार्डोला. मी ओरडलो, मुन्योसला आण! शेजारणीने फराळाचं ताट आणलं होतं, ती दारातूनच परत गेली. समोर स्प्रिंगर. ह्यूस्टनमध्ये असल्यापासूनचा आपला तोच स्प्रिंगर. पुढचं तुला माहीत आहे. होम रन, तिघेही आत, ४-३ ने टोरांटो. शेवटचा आउट आपला हुलिओ.

मला शारजा आठवलं. १९८६, तुमच्या वाड्यातला टीव्ही, चेतन शर्मा, मियाँदाद. तुझ्या आजोबांनी उठून टीव्हीचं बटण बंद केलं आणि "चला, जेवायला" म्हणाले. मी टीव्ही बंद केला, पण मला काही म्हणता आलं नाही.

त्यानंतर वर्ल्ड सिरीजमध्ये टोरांटोही डॉजर्सकडून सातव्याच मॅचमध्ये हरले. मला आनंद झाला नाही, फक्त बरं वाटलं.

तर आता जे झोपू देत नाही ते हे. ही टीम चांगली आहे. आपल्या वेळी आशा ठेवायला काही लागायचं नाही, कारण खरं होण्याची भीतीच नव्हती. मी पानं भरायचो, तू एक शब्द लिहायचास, आपण हसायचो. आता रॅली आहे, हुलिओ आहे, गिल्बर्ट-कर्बी-वू हे पिचर आहेत, जॉश नेलरशी पाच वर्षांचा करार झालाय. पोलॅन्को राहिला तर बघायलाच नको. पहिल्यांदाच आकडे माझ्या बाजूने आहेत आणि माझ्याच्याने एक ओळ लिहवत नाही. आठ आउट बाकी होते, सुध्या. १९७७ पासून जी टीम कधीच वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली नाही, अशी उरलेली एकमेव, तिला फक्त आठ आउट हवे होते. ९९ मॅच हरलेलं वर्ष मी पचवलं, हे पचत नाही. आणि ओवीने स्वतःची वही घातलीय. २०२६ साठी दोन पानं, कारणांसकट. माझी २००२ ची मेल तिने कधी वाचलेली नाही, तरी पहिलं वाक्य जवळजवळ तेच. मी वाचली आणि "छान" म्हणालो. तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, म्हणूनच तुझ्याशी तिचं बोलणं करून दिलं नाही.

काकूंच्या मोतीबिंदूचं झालं का? अथर्वची बारावी म्हणजे वहिनींचीच बारावी, त्यांना म्हणावं दम खा. बाणेरच्या फ्लॅटला मी अजूनही नको म्हणतोय, पण तू घेणारच. जानेवारीत पंधरा दिवस येतोय, तिकीट झालंय, रविवारी सिंहगड. अथर्वच्या टोपीचा नंबर कळव.

आणि या खेपेला आधी भाकीत तू करायचंस. सीझन सुरू व्हायच्या आत, मेलने, ओवीलाही कॉपी. "हरणार" चालणार नाही. किती जिंकणार तो आकडा लिही, आणि खाली निदान पाच ओळी कारणं.

तुझा,
मिल्या